घरच्या विजेला मोबाईलचा खटका : जोडताना आणि वापरताना घ्यावयाची काळजी



ऊसनोंदीच्या निमित्ताने गटागटांतून फिरताना आम्हांला अलीकडे बेण्याइतकेच प्रश्न विजेबद्दल विचारले जातात. विहिरीवरची मोटार मोबाईलवरून चालू-बंद करणारे स्टार्टर आपल्या भागात चांगलेच रुळले आहेत. रात्रीच्या पाळीला बिबट्याच्या आणि विंचू-काट्याच्या भीतीत शिवारात जाण्यापेक्षा घरी बसून मोटार चालू झालेली बरी, यात वाद नाही. त्याच सवयीने हा खटका आता शेतातून घरात आला आहे. काडेपेटीएवढी एक डबी बटणाच्या बोर्डामागे बसवायची, घरातल्या वाय-फायला जोडायची, की गोठ्यातला दिवा, अंगणातला हॅलोजन, गिझर, हौदावरची मोटार, सगळे मोबाईलवर. या डबीला स्मार्ट रिले म्हणतात. मुले-सुना नोकरीनिमित्त बाहेरगावी असतात, तेही तिथून घरची मोटार चालवतात.

आम्ही ऊस विकास विभागाची माणसे. खत, पाणी, लागण हा आमचा विषय. परंतु ज्या घरांत आम्ही चहा घेतो त्याच घरांतले बोर्ड पाहून काळजी वाटू लागली, म्हणून कारखान्याच्या विद्युत विभागातील जाणत्या मंडळींबरोबर बसून ही माहिती सभासदांपुढे ठेवीत आहोत. डबी वाईट नाही. पण ती कशी जोडली आणि तिच्यावर किती भरवसा ठेवला, यावर माणसाचा जीव अवलंबून आहे.

प्रथम रिले म्हणजे काय ते पाहू. पूर्वी डाकेचे घोडे टप्प्याटप्प्यावर बदलत. दमलेला घोडा सोडायचा आणि ताज्या घोड्यावर तीच थैली पुढे न्यायची. अशा ताज्या घोड्यांना इंग्रजीत रिले म्हणत. तारायंत्राच्या काळात दूरवरून क्षीण होऊन आलेल्या विजेकडून जवळची ताजी वीज चालू करून घेण्याची युक्ती निघाली, आणि तेच नाव त्या यंत्राला मिळाले. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास ही युक्ती केली असे मानतात. आत तारेचे एक लहान वेटोळे असते. त्यात थोडीशी वीज सोडली की ते लोहचुंबक बनते, समोरची पट्टी ओढून घेते, पट्टीच्या टोकाचा पॉईंट समोरच्या पॉईंटला टेकतो आणि दिव्याची वीज वाहू लागते. वेटोळ्याची वीज काढली की स्प्रिंग पट्टीला मागे ओढते. स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर हा याचाच थोरला भाऊ. स्मार्ट रिलेत एवढेच अधिक, की वेटोळ्याला हुकूम देणारी एक चिप आत बसलेली असते आणि तिला मोबाईलचा निरोप ऐकू येतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, निरोप ऐकायला ती चिप रात्रंदिवस जागी लागते, म्हणजेच डबीला स्वतःसाठी चोवीस तास वीज लागते. दुसरी, डबी ‘बंद’ असते तेव्हा आत दोन पॉईंटमध्ये फक्त एखाद्या मिलिमीटरची फट असते. पहिल्या गोष्टीतून जोडणीच्या चुका होतात, दुसरीतून अपघात.

जोडणीचे आधी सांगतो. आपल्याकडील जुन्या घरांत बटणाच्या बोर्डात केवळ फेजची तार उतरवलेली असते. बटणातून ती वर होल्डरला जाते आणि न्यूट्रल वरच्या वर परस्पर होल्डरला दिलेला असतो. साध्या बटणाला न्यूट्रलची गरजच नसते, त्यामुळे तेव्हाच्या वायरमनने तार वाचवली, त्यात त्याची चूक नाही. परंतु स्मार्ट रिलेला फेज आणि न्यूट्रल दोन्ही पाहिजेत. बोर्डात न्यूट्रल सापडत नाही म्हटल्यावर घाईचा माणूस शेजारच्या प्लगमधली अर्थिंगची हिरवी तार न्यूट्रलच्या जागी लावून देतो. डबी चालते, दिवा लागतो, मोबाईलवर हिरवी खूण दिसते. मालक खूष आणि वायरमनही खूष.

ही जोडणी कधीही करू देऊ नये. अर्थिंगची तार ही वीज वाहण्याची वाट नव्हे, ती संकटकाळची वाट आहे. फ्रीज, मिक्सर, मोटारीची बॉडी असे सगळे लोखंड त्या तारेला बांधलेले असते. रिलेची वीज रोज तिच्यातून जाऊ लागली, आणि पुढे कोठे ती तार तुटली किंवा खड्ड्यातील पट्टी गंजून गेली, तर त्या विजेला जमिनीत जायला वाट राहत नाही. ती फ्रीजच्या दाराशी येऊन थांबते. ओल्या हाताने दार उघडणारा माणूस मग तिची वाट बनतो. शिवाय ज्या घरात ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी., म्हणजे गळती पकडणारा खटका, बसवलेला आहे तेथे आणखी एक गंमत घडते. एका डबीची वीज थोडी, तेवढ्याने तो पडत नाही. तिसरी-चौथी डबी बसली की गळतीची बेरीज होऊन खटका ‘विनाकारण’ पडू लागतो. मग कोणी शहाणा सांगतो, हा खटकाच बिघडला, काढून टाका. घराचा राखणदार अशा रीतीने घराबाहेर जातो! वस्तुतः तो बिचारा आपले काम चोख करीत होता.

दुसऱ्या खोलीच्या सर्किटमधून न्यूट्रल ‘उसना’ घेणेही तितकेच वाईट. त्यामुळे एका एम.सी.बी.चा खटका पाडून काम करणाऱ्याला वाटते की तार मेली, पण दुसऱ्या सर्किटवरून त्याच न्यूट्रलमध्ये वीज परतत असते. न्यूट्रल नसेल तर त्याच सर्किटचा न्यूट्रल मुख्य बोर्डापासून किंवा वरच्या जोडपेटीपासून नळीतून नवा ओढावा. एका खोलीला थोडी तार आणि अर्ध्या दिवसाची मजुरी, एवढाच तो प्रश्न आहे. तेवढाही खर्च नको असेल तर डबी बसवू नये, साधे बटण उत्तम.

रिले नेहमी फेजच्या तारेत बसला पाहिजे. न्यूट्रल तोडणारा रिले दिवा विझवतो खरा, पण होल्डर जिवंतच राहतो, आणि स्टुलावर उभा राहून बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो. आणखी एक बारीक बाब. बोर्डावरचे जुने बटण या डबीला जोडण्यासाठी दोन बारीक तारा दिलेल्या असतात. त्या बॅटरीच्या तारांसारख्या दिसतात म्हणून टेलिफोनची बारीक तार वापरून काम भागवलेले आम्ही पाहिले आहे. पुष्कळशा डब्यांत त्या तारांवरही पूर्ण २३० व्होल्ट असतात. तेथे घरच्या वायरिंगची, चांगल्या आवरणाची तारच पाहिजे. स्क्रू पक्के आवळावेत आणि टेपच्या गुंडाळीवर जोड ठेवू नये. ढिला स्क्रू तापतो, प्लास्टिक वितळवतो. नव्या जोडणीनंतर महिनाभराने मेन स्विच पाडून स्क्रू पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.

आता भाराचा हिशेब. डबीवर १० अँपिअर किंवा १६ अँपिअर असे छापलेले असते. तो आकडा दिवा-शेगडीसारख्या साध्या भारासाठी असतो, मोटारीसाठी नव्हे. हिशेब सोपा आहे. वॅटला २३० ने भागले की अँपिअर निघतात. २००० वॅटचा गिझर म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. १० अँपिअरच्या डबीत तो बसतो असे कागदावर दिसते, परंतु भिंतीतल्या बंद, वारा नसलेल्या पेटीत अर्धा तास तेवढी वीज वाहिली की डबी चांगलीच तापते. ३००० वॅटचा गिझर तर १३ अँपिअर घेतो. गिझरला १६ अँपिअरहून कमी चालणार नाही, तार ४ चौरस मिलिमीटरची पाहिजे, आणि आमच्या मते त्यालाही वेगळा कॉन्टॅक्टर बसवलेला बरा. डबी न्हाणीघराच्या आत कधीच नसावी.

मोटारीचे गणित निराळे आहे. एक अश्वशक्तीची घरगुती मोटार चालू असताना सहा-सात अँपिअर घेत असेल, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट ओढते. त्या क्षणी रिलेचे दोन्ही पॉईंट टेकत असतात आणि मध्ये ठिणगी उडते. वेल्डिंगची कांडी पत्र्याला चिकटते तसे ते पॉईंट कधीतरी एकमेकांना चिकटतात. मग मोबाईलवर ‘बंद’ दाबा, डबीची खूण ‘बंद’ दाखवील, स्प्रिंगही ओढील, पण पॉईंट सुटत नाही आणि मोटार चालूच राहते. टाकी वाहून जाते, हौद कोरडा पडतो आणि मोटार जळते. म्हणून मोटारीची वीज थेट डबीतून नेऊ नये. डबीने केवळ स्टार्टरमधील कॉन्टॅक्टरचे वेटोळे चालवावे, वेटोळ्याला लागणारी वीज फारच थोडी असते. मोटारीची वीज कॉन्टॅक्टरच्या मोठ्या पॉईंटमधून जाऊ द्यावी. जास्त भार आल्यास मोटार तोडणारा ओव्हरलोड रिले, थ्री-फेज मोटार असल्यास सिंगल-फेज प्रिव्हेंटर, यांपैकी काहीही ‘मध्ये येते’ म्हणून वगळू नये. डबी ही त्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नव्हे.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या गोष्टीकडे येतो.

गेल्या हंगामात एका गावी आम्ही तोडीची तारीख सांगायला एका सभासदांकडे गेलो होतो. घरामागच्या हौदावरची मोटार अडकली होती. सभासदांनी मोबाईलवर ‘बंद’ दाबले, हिरवी खूण गेल्याचे पाहिले, आणि मागचे कव्हर काढून पाण्याच्या पंपाचा पान्हा शाफ्टला लावून फिरवू लागले. शाफ्ट मोकळा झाला. पान्हा काढून त्यांनी जमिनीवर ठेवला, आणि तेवढ्यात मोटार गर्रकन चालू झाली. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने टाकी रिकामी दिसली म्हणून तेथून बटण दाबले होते. मुलाने वडिलांचे काम हलके करायला म्हणून ते केले होते. पान्हा आणखी क्षणभर शाफ्टवर असता तर काय झाले असते ते लिहावयास नको. सभासद बराच वेळ ओट्यावर नुसते बसून होते. आम्हीही तारीख सांगायची विसरलो.

यात डबी बिघडली नव्हती, जोडणीही बरोबर होती. तिला सांगितलेले काम तिने केले. साध्या बटणाचा एक गुण असा, की दाबणारा हात तेथेच असतो आणि डोळ्यांना समोरचे दिसते. मोबाईलच्या बटणात हात एका गावाला आणि मोटार दुसऱ्या गावाला. त्यात टायमर लावलेला असेल तर हात कोणाचाच नाही, घड्याळाचा आहे. नेटवर्क गेले असेल तर मोबाईलवर दिसणारे ‘बंद’ हे कित्येकदा मघाचे ‘बंद’ असते.

म्हणून रिलेचा ‘बंद’ हा वीज तोडल्याचा पुरावा धरू नये. आपल्या कारखान्यात हंगामानंतर गव्हाणीची, मिलची दुरुस्ती निघते तेव्हा फिटर कधीही नुसत्या स्टॉप बटणावर विसंबून पट्ट्याखाली शिरत नाही. आधी विद्युत विभागाकडून परवाना, मग फ्यूज काढणे, कुलूप, आणि ‘माणसे काम करीत आहेत’ ही पाटी, त्यानंतरच पान्हा. घरी कागदी परवाना नको, पण तत्त्व तेच ठेवावे. मीटर आणि डबी यांच्या मध्ये, मोटारीपासून डोळ्यांना दिसेल अशा जागी, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल एम.सी.बी. किंवा मेन स्विच बसवावा. मोटारीला, होल्डरला, गिझरला हात लावण्यापूर्वी तो पाडावा. चिनी मातीचे कट-आऊट असतील तर उपसून खिशात ठेवावेत. खिशातला फ्यूज पुण्याहून कोणी लावू शकत नाही. मग टेस्टर लावावा, आणि तो टेस्टर आधी चालू प्लगमध्ये लावून पेटतो ना हे पाहिलेले असावे. घरात इन्व्हर्टर असेल तर लाईट गेली तरी त्याच्या तारा जिवंत असतात, हेही ध्यानात ठेवावे. ज्यांच्या ज्यांच्या मोबाईलमध्ये ते ॲप आहे त्या सर्वांना घरच्या मोटारीचे काम निघाले की फोन करण्याची पद्धत पाडावी. पण आधी फ्यूज, नंतर फोन.

याच कारणाने काही वस्तूंना ही डबी लावूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कडबाकुट्टीला तर कदापि नको. वैरण सारताना हात पात्याच्या वीतभर अंतरावर असतो, आणि तेथे दुसऱ्या कोणाच्या बोटाने यंत्र सुरू होऊ शकते ही कल्पनाही सहन होणारी नाही. घरगुती पिठाची गिरणी, लाकूड कापायचे कटर, ग्राइंडर यांनाही तोच नियम. बादलीत पाणी तापवायचा रॉड आणि इस्त्री यांनाही नको. रॉड बादलीबाहेर पडलेला आहे की पाण्यात, आणि त्या पाण्यात पोराचा हात आहे की नाही, हे मोबाईलला दिसत नाही.

लाईट गेल्यावर काय होते हेही तपासले पाहिजे. या डब्यांना एक सेटिंग असते : वीज परत आली की चालू व्हायचे, बंद राहायचे, की जाण्यापूर्वी होते तसे व्हायचे. दिव्याला काहीही चालेल. मोटारीला आणि गिझरला मात्र ‘बंद राहणे’ हेच लावावे. शेतीपंपाच्या ऑटोस्विचचा अनुभव आपल्या सर्वांना आहे. वीज आली की एका डीपीवरचे सगळे पंप एकदम उठतात, सुरुवातीची ओढ एकाच वेळी पडते आणि डीपी बसते किंवा जळते. ऑटोस्विच वापरू नका, कपॅसिटर बसवा, असे महावितरण याचसाठी सांगत आलेली आहे. घरोघरच्या डब्या ‘वीज आली की चालू’ वर ठेवल्या तर गावठाणच्या डीपीवरही तोच प्रकार होईल, आणि उभ्या उसाला पाणी हवे असताना डीपी गेली की आठ-आठ दिवस काय हाल होतात ते सांगण्याची गरज नाही.

अर्थिंगबद्दल थोडे. आपल्याकडे बोर्डात तिसरी तार असते, पण अंगणातला खड्डा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडलेला असतो. त्यात पाणी घालीत जावे, आणि दोन-तीन वर्षांनी पट्टीची गंज पाहून घ्यावी. आर.सी.सी.बी. नसेल तर आधी तो बसवावा आणि मगच स्मार्ट डबीचा विचार करावा, हा खर्चाचा योग्य क्रम आहे. त्यावर एक लहान चाचणीचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे आणि खटका पडला पाहिजे. न पडल्यास बदलावा.

हे काम कोणाकडून करून घ्यावे? शासनाचा परवाना असलेल्या वायरमनकडून. हा काही नवा नियम नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत तो होता आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांतही आहे. बल्ब किंवा फ्यूज बदलणे निराळे, वायरिंगमध्ये फेरफार करणे निराळे. परवानाधारक वायरमनलाही तीन प्रश्न जरूर विचारावेत : न्यूट्रल कोठून घेतला, रिले फेजमध्ये आहे का, आणि हाताने पाडायचा खटका कोठे आहे. त्याने न रागावता तिन्हींची उत्तरे दाखवून दिली तर माणूस कामाचा समजावा. काम झाल्यावर डबीचा मूळ पासवर्ड बदलावा, आणि जुना मोबाईल विकताना किंवा एक्सचेंजला देताना त्यातले ॲप काढावयास विसरू नये, नाहीतर घरची मोटार परक्याच्या खिशात जाईल.

एवढे करूनही कोणाला शॉक बसलाच तर त्याला हाताने ओढू नये. प्रथम मेन स्विच पाडावा. तो दूर असेल तर कोरड्या लाकडाने किंवा कोरड्या दांड्याने माणूस तारेपासून सोडवावा आणि १०८ ला फोन करावा. श्वास थांबलेला असेल व तो प्रतिसाद देत नसेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी मिनिटाला शंभर ते एकशेवीस या वेगाने जोरात दाब देत राहावे, रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये.

कारखान्याचा विद्युत विभाग सभासदांच्या घरची कामे करून देत नाही, हे येथे स्पष्ट करतो, कारण तशी मागणी आमच्याकडे आली आहे. परंतु जोडणीबद्दल शंका असल्यास गट कार्यालयात शेतकी मदतनीसांकडे नोंदवावी, आम्ही विचारून उत्तर कळवू. ज्यांनी डब्या आधीच बसवल्या आहेत त्यांनी पावसाळ्यापूर्वी, भिंती ओल्या होण्याच्या आत, बोर्ड उघडून हिरव्या तारेची जोडणी तपासून घ्यावी. बोर्ड उघडण्यापूर्वी मेन स्विच पाडावा.